बिल्टी कुणाच्या नावची

तेलीबांध्याला आज कुणी रेल्वे स्टेशन शोधायला निघालं, तर हाती काही लागणार नाही. तळं आहे. तळ्याकाठचा रस्ता आहे, त्याला रायपूरकर हौसेनं मरीन ड्राइव्ह म्हणतात. उंचच उंच खांबावर तिरंगा आहे, चाटच्या गाड्या आहेत आणि शेजारून जीई रोडची वाहतूक दिवसरात्र वाहते आहे. धमतरीला जाणारी छोटी लाइन मात्र गेली. काही वर्षांपूर्वी तिचे रूळ निघाले आणि त्याच पट्ट्यावर एक्सप्रेसवे झाला. या छोट्या लाइनीच्या मालगोदामात माझे आजोबा मालबाबू होते. सालाचं लाकूड, लाख, हिरडा, तांदळाची पोती, जे जे धमतरीकडून येई त्याच्या बिल्ट्या त्यांच्या हाताखालून जात. आठवड्याचे सहा दिवस ते रेल्वेचे असत. रविवारी दुपारी, उपासना आटोपली की, खांद्याला कापडी पिशवी लावून निघत. पिशवीत शुभवर्तमानाचे पैशा-दोन पैशांचे ‘भाग’ असत, मार्क, लूक, योहान, आणि एक जाड बांधणीची वही.

ती वही मी पाहिली आहे. रेल्वेच्याच वहीसारखे रकाने आखलेले. तारीख, गाव, भेटलेला माणूस, आणि शेवटच्या रकान्यात तो काय म्हणाला ते. माणसाचं नाव क्वचितच, बहुधा ‘तेली, म्हातारा’, ‘मास्तर’, ‘विहिरीवरची बाई’ एवढंच. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर फिरून फिरून येतो. ऐकलं, पण नको. हसले. उद्या या म्हणाले. कुत्रं सोडलं. पाणी दिलं, पुस्तक घेतलं नाही. आमच्या घरात या वहीला ‘नकारवही’ म्हणत. मुलं चेष्टेनं म्हणत, आजोबाही हसत. पण एकदा मी विचारलं होतं, “आजोबा, इतके लोक नाही म्हणतात, तुम्हाला वाईट नाही वाटत?” तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मालबाबूचंच उत्तर दिलं. “माल पोचवणं माझं काम. बिल्टी ज्याच्या नावची, त्यानं तो सोडवायचा की नाही, हे तो ठरवणार. माल सोडवला नाही म्हणून गिऱ्हाइकाला शिव्या घालणारा मालबाबू कधी पाहिलायस?”

आमचं घराणं अहमदनगरकडचं. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले आणि शिकवू लागले. आजोबा नोकरीच्या निमित्तानं आधी नागपूरला आणि मग बंगाल नागपूर रेल्वेनं रायपूरला आले. मराठी माणूस छत्तीसगडात नवा नव्हता. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरात राहून या मुलखाचा कारभार पाहत होते, आणि रायपूरचा तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा इथल्या जुन्या मराठी घरांत पूजा-आरत्या, हळदीकुंकू, गणपती सगळं देशावरच्यासारखं चाले. आम्ही त्या मराठीपणात होतो आणि नव्हतोही. भाषा एक, पुरणपोळी एक, अभंगांची चाल एक. पण देवघर नाही. रायपूरचे बाकीचे ख्रिस्ती हिंदीत आणि छत्तीसगडीत प्रार्थना करत, आणि आमच्या घरी पोस्टानं ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक येई. दोन्हीकडच्या मंडळींना आम्ही थोडे परकेच.

नकाराच्या गोष्टी आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर निघत. पहिली गोष्ट नेहमी कवी नारायण वामन टिळकांची. आजोबांनी लहानपणी टिळकांचं कीर्तन नगरला ऐकलेलं, म्हणून तो विषय त्यांच्या हक्काचा. शिवाय या गोष्टीची जागा आमच्या घरापासून फार लांब नव्हती. रायपूरहून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव. १८९३ साली टिळक तिथल्या संस्थानात नोकरीसाठी रेल्वेनं निघाले. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला, अर्नेस्ट वॉर्ड. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. वॉर्डनं त्यांच्या हाती नवा करार दिला, वाचाच म्हणाला, आणि वर भविष्यही सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ती बडबड वाटली. पुस्तक मात्र त्यांनी वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चर्चमध्ये ही गोष्ट सांगितली जाते ती भविष्य खरं झाल्याच्या कौतुकानं. आजोबांना कौतुक वेगळ्याच गोष्टीचं होतं. “प्रवास संपला, वाटा वेगळ्या झाल्या,” ते म्हणत. “त्यानं पुस्तक दिलं आणि वाचणाऱ्याला वाचू दिलं. आमच्या मंडळींना वाचण्याइतकी फुरसत समोरच्याला द्यायचीच नसते.”

मग आजी आतून येई. तिचं म्हणणं, ही गोष्ट टिळकांची नाहीच, लक्ष्मीबाईंची आहे. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा नकार त्याला स्वतःच्या बायकोकडून मिळाला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांत राहिल्या. ज्याच्या शब्दाला पुढे अख्खा मराठी ख्रिस्ती समाज कान देणार होता, त्याला आपल्याच घरात ऐकणारं कुणी नव्हतं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी लगेच त्याच्या धर्मात गेल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी हे चालवून घेतलं. जातीभेद देवानं केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानं पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आजी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हातात घेऊन मोठ्यानं वाचे आणि मध्येच थांबून म्हणे, “बघ, हिला कुणी ओढून आणली नाही. त्या माणसानं वाट पाहिली. नवऱ्याला वाट पाहणं जमलं, हाच मला मोठा चमत्कार वाटतो.”

आणखी एक गोष्ट आजोबा त्याला जोडत. टिळक पुढे मिशनच्या पगारावर राहिले नाहीत. १९१७ साली त्यांनी तो सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते, तसे न घेतलेलेही होते. तुकोबांच्या वाटेनं आपण येशूपाशी आलो असं मानणाऱ्या या माणसाला कळलं होतं की ख्रिस्तावर प्रेम करणारे पुष्कळ जण चर्चच्या दारातून आत येणार नाहीत. त्यांना दाराबाहेर उभं ठेवायचं की त्यांच्यासाठी अंगणात सतरंजी घालायची, एवढाच प्रश्न होता. टिळकांनी सतरंजी घातली. दोनच वर्षांत, १९१९ साली ते गेले, आणि तो दरबार त्यांच्यामागे वाढला नाही.

दुसरी गोष्ट खास छत्तीसगडची. ती आजोबांनी इथल्या म्हाताऱ्या ख्रिस्ती लोकांकडून गोळा केलेली. ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी १८५७ च्या धामधुमीपर्यंत छोटा नागपुरात होता. तिथून अमेरिकेला गेला, आणि तिथल्या जर्मन मंडळींच्या मिशनतर्फे १८६८ साली रायपूरला आला. इथे त्याला सतनामी समाज भेटला. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी या लोकांना सांगून ठेवलं होतं की मूर्ती नको, जातीचा उच्चनीचपणा नको, एक सतनाम पुरे. लोरला वाटलं, शेत तयार आहे, आपण फक्त विळा लावायचा. सुरुवातीला स्वागतही झालं. पण बाप्तिस्म्याची वेळ आली तसे लोक मागे सरले. आजोबा सांगत की पहिल्या बाप्तिस्म्याच्या वेळी गळ्यातलं जानवं उतरवण्यावरून बिनसलं. ते जानवं त्यांना त्यांच्या गुरूनं मिळवून दिलेलं होतं. वरच्या जातींनी जे कधी गळ्यात घालू दिलं नसतं, ते गुरूच्या शब्दावर त्यांनी घातलं होतं, आणि हा पाहुणा येऊन ते उतरवायची भाषा करतो म्हणजे काय?

लोरनं रायपूरच्या उत्तरेला जमीन घेऊन विश्रामपूर वसवलं. गावात चर्च, शाळा, दवाखाना झाला. अख्खा समाज येईल ही आशा फळली नाही, थोडी घरं आली. इथे आजोबा आवाज खाली आणून बोलत, कारण विश्रामपूरचे लोक आमचे सोयरे होते. “लोर साहेब गावाचा मालगुजारही होता. जमीन त्याची, चर्च त्याचं. जो सारा घेतो तोच उपदेश करतो, मग रयतेचा ‘हो’ किती खरा आणि ‘नाही’ म्हणायची तिला मोकळीक किती? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ची मला भीती वाटते.”

स्वतः आजोबांनाही सतनाम्यांचा नकार मिळालाच. राजिमच्या माघी जत्रेला ते आणखी दोघा-तिघांबरोबर जात. छोट्या लाइनीचा एक फाटा अभनपूरहून राजिमला जाई. महानदीचं पात्र कोरडं पडलेलं, वाळूत दुकानं, कुलेश्वर महादेवाच्या दर्शनाची रीघ. एका कडेला यांची पेटी, झांजा आणि पुस्तकांची चटई. मराठी भजनाची चाल ऐकून लोक थांबत, शब्द कळत नाहीत म्हणून पुढे जात. एक पांढऱ्या फेट्याची म्हातारी मूर्ती मात्र पूर्ण वेळ उकिडवी बसून ऐकत राहिली. शेवटी आजोबांनी पुस्तक पुढे केलं, तर म्हातारा म्हणाला, “बने गोठियाथस बाबू, फेर हमर तीर तो सतनाम हावय.” छान बोलतोस, पण आमच्यापाशी सतनाम आहे. आणि जाताना आजोबांच्या चटईवर बोरांची ओंजळ ठेवून गेला. वहीत त्या दिवशीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलंय: ‘सतनामी. पुरं ऐकलं. नको. बोरं दिली.’

आजीची नकारवही नव्हती. तिला लिहिण्याचा कंटाळा, बोलण्याचा नाही. लग्नाआधी ती नागपुरात बायबलबाई म्हणून काम करत असे आणि रायपूरला आल्यावरही दुपारी घरोघर जायची तिची सवय सुटली नाही. मराठी बाई, नऊवारी, अंबाडा, म्हणून तात्यापाऱ्यातल्या वाड्यांत तिला मागल्या दारानं शिरता येई. एका वाड्यात एक तरुण सासुरवाशीण होती. सासूला ऐकू कमी. सुनेला वाचायला शिकायचं होतं आणि घरात शिकवणारं कुणी नव्हतं. आजीनं मार्काच्या शुभवर्तमानावर तिला अक्षरं शिकवली. आजीपुढे ओसरीवर वेगळा पेला येई, आणि ती गेल्यावर जागा सारवली जाई. हे आजीला ठाऊक होतं. ती म्हणे, “सारवू देत, शेण त्यांचं.”

पुढं सुनेला भराभरा वाचता येऊ लागलं. एक दिवस आजी गेली तर आतून खणखणीत वाचन ऐकू आलं. आजी ओसरीवर बसून ऐकत राहिली. सून शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचत होती, आणि बहिरी सासू समोर हात जोडून बसली होती. वाचन संपवून सून बाहेर आली, आजीला पाहून लाजली, आणि म्हणाली, “बाई, तुमच्यामुळे आता माझ्या घरची पोथी मला वाचता येते. आता दुसरी नको.” घरी येऊन आजीनं हे सांगितलं तेव्हा आजोबांना हसावं की गप्प बसावं कळेना. आजीच हसली. “मी मार्क शिकवला, ती अकरावा अध्याय वाचते. पण वाचते ना?” त्या वाड्यात आजी पुढेही जात राहिली. लोकरीचे टाके, मुलांचे खोकले, नातींची बारशी. धर्माचा विषय दोघींत फिरून निघाला नाही. मला लहानपणी दिवाळीत ज्या घरातून अनारशांचा डबा यायचा, ते घर तेच.

या सगळ्या गोष्टी सांगताना घरात हसणं चाले. एक गोष्ट मात्र आजोबा स्वतः होऊन सांगत नसत. ती मी आत्याकडून ऐकली.

फाळणीनंतर रायपुरात निर्वासित आले, सिंधी आणि पंजाबी. तेलीबांध्याच्या बाजूलाही त्यांची वस्ती झाली, आज तिथला गुरुद्वारा सगळ्यांना ठाऊक आहे. आलेल्यांकडे तेव्हा काही नव्हतं. चर्चमधून गोधड्या, दूध, औषधं गेली. आजोबाही गेले, आणि सवयीनं पिशवी घेऊन गेले. एका म्हाताऱ्याला त्यांनी गोधडी दिली आणि मग पिशवीतून लूकचं पुस्तक काढलं. म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत आजोबांच्या हातात ठेवलं. मग गोधडीही घडी करून वर ठेवली. तो शांतपणे म्हणाला की घर, शेत, एक मुलगा, सगळं मागे टाकून आलो, ते फक्त धर्म टिकावा म्हणून. तुम्हाला तोच हवा आहे? मग तुमची गोधडी घेऊन जा.

आत्या सांगायची, त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. वहीत त्या तारखेला काहीच लिहिलेलं नाही. पुढल्या आठवड्यात गोधड्या पुन्हा गेल्या, या वेळी एका शीख ठेकेदाराच्या हातून, चर्चचं नाव न सांगता. आणि त्यानंतर आजोबांनी एक नियम केला, तो अखेरपर्यंत पाळला. ज्या हातानं मदत द्यायची त्या हातात पुस्तक नाही. दुखण्यात, दुष्काळात, मरणात कुणाच्या दारी गेलं तर पिशवी घरी ठेवून जायचं. त्यानं आपण होऊन विचारलं तर सांगायचं, नाहीतर भांडी घासून परत यायचं.

या नियमामागे छत्तीसगडचा जुना इतिहास होता. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी हा मुलूख मोडला होता. त्याच दिवसांत अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीला आलं, अन्नछत्रं झाली, अनाथालयं झाली, पोरकी मुलं तिथं वाढली. त्यांतून डॉक्टर, नर्स, मास्तर निघाले, आणि पुढे धमतरीच्या ख्रिस्ती हॉस्पिटलनं कित्येक पिढ्यांचा जीव वाचवला, हे कुणी नाकारू नये. पण त्या मुलांच्या नातवंडांनाही शाळेत ऐकावं लागलं की तुम्ही भाताच्या वाटीसाठी बाटलेले. ही शिवी खोटी आहे, कारण विश्वासावर जगणाऱ्या तीन पिढ्यांचा हिशोब एका वाटीत होत नाही. तरी ती शिवी देता आली, कारण वाटी आणि पुस्तक एकाच हातात होतं. आजोबांना हे त्या म्हाताऱ्यानं शिकवलं.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा एक कडक प्रचारक येत. येशूनं शिष्यांना धाडताना सांगितलं होतं की जिथं तुमचं कुणी ऐकणार नाही तिथून निघताना पायाची धूळ झटका. या वचनावर ते तावातावानं बोलत आणि न ऐकणाऱ्या गावांचा शेवट काय होईल याचं वर्णन करत. आजोबांना ते रुचत नसे. बाहेर आल्यावर ते म्हणत, “धूळ झटकायची ती आपल्या पायाची. एका घरचा राग पायाला चिकटून दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून.” त्यांची आवडती उदाहरणं दोन होती. एक त्या श्रीमंत तरुणाचं, जो येशूचं बोलणं ऐकून खिन्न होऊन निघून गेला. येशूचं त्याच्यावर प्रेम जडलं होतं असं मार्क स्पष्ट लिहितो, आणि तरी येशू त्याच्या मागे धावला नाही, अट कमी केली नाही, शापही दिला नाही. दुसरं पौलाचं. अथेन्सला विद्वानांपुढं इतकं तयारीचं भाषण केलं, तर काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधी ऐकू, आणि थोडेच सोबत आले. “पौलाची ही गत, तर छोट्या लाइनीच्या मालबाबूची काय कथा?”

घराबाहेर मात्र नकाराला आता कायद्याचं रूप येऊ लागलं होतं. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात विदर्भ आणि छत्तीसगड दोन्ही होते, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ७७ ठिकाणी गेली, ९९ प्रश्नांची प्रश्नावली निघाली. आजोबांचं अक्षर चांगलं म्हणून पाळकांनी त्यांना उत्तरांच्या प्रती काढायला बसवलं. १९५६ साली अहवाल आला. धर्मप्रसार हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, गैरमार्गानं होणारं धर्मांतर कायद्यानं थांबवावं, अशा त्याच्या शिफारशी. ख्रिस्ती घरांत भीती पसरली.

आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्याबरोबर धम्म स्वीकारणाऱ्यांत भवानीशंकर नियोगी होते. दुसऱ्यांच्या धर्मांतराची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशानं आपला धर्म विचारपूर्वक बदलला. आजोबांना यात विसंगती दिसली नाही. त्यांच्या मते माणूस धर्म बदलू शकतो हे नियोगींनी स्वतःच्या आयुष्यानं सांगितलं, आणि तो कशामुळे बदलतो याबद्दल जागरूक राहा हे अहवालानं. अहवालात त्यांना पुष्कळ एकांगी वाटलं, तेही ते बोलून दाखवत. पण त्यांना सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते बाबासाहेबांनी. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली आणि ख्रिस्ती, मुसलमान, शीख सगळ्यांचे पुढारी बाबासाहेबांकडे धावले. आमच्या मंडळींना तर वाटलं, आता मोठी सुगी. बाबासाहेबांनी बायबल वाचलं होतं, ख्रिस्ती समाज जवळून पाहिला होता, आणि मिशनवर त्यांनी नेमकी टीकाही केली होती. वीस वर्षं विचार करून त्यांनी दुसरी वाट धरली. “एवढा अभ्यास करून दिलेला नकार,” आजोबा म्हणत, “हलक्यात घेऊ नये. त्यांनी आपल्यात काय पाहिलं, हे आधी आपण बघावं.” ख्रिस्ती झालेल्यांतही जात कशी टिकून राहिली, याची त्यांना कल्पना होती. सोयरिकी जुळवताना ती दिसेच.

मग १९६८ चा मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा आला. त्याखालचा सगळ्यांत गाजलेला खटला आमच्याच मुलखातला. रायपूरच्या फादर स्टॅनिसलॉस यांच्यावर खटला भरायला बलौदाबाजारच्या दंडाधिकाऱ्यांनी मंजुरी दिली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १७ जानेवारी १९७७ रोजी निकाल लागला. आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा, पसरवण्याचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमात आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात नाही, असा त्याचा सारांश. चर्चमध्ये निराशा झाली. आजोबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ते म्हणाले, सांगणं माझं, घेणं त्याचं, हे मला राजिमच्या म्हाताऱ्यानं कधीच शिकवलंय. पण लगेच त्यांनी पुढचा प्रश्नही विचारला, आणि तो अजून उभा आहे. समोरच्यानं मनापासून ‘हो’ म्हटलं, तर त्या ‘हो’ची परवानगी त्याला कुणी का द्यावी?

मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. माझ्या वाट्याला नकार आले ते सौम्य. स्टाफरूममधल्या मैत्रिणीशी मी एकदा विश्वासाबद्दल मनापासून बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझं तुला लाभो, माझं मला पुरतं.” आजही आम्ही एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळतो. पण आता काळ असा आलाय की बोलण्याआधी माणूस आजूबाजूला पाहतो. घरातल्या प्रार्थनेला चार पाहुणे आले तरी शेजारी कोण काय म्हणेल, याचा विचार होतो.

आणि नकार एवढ्यावर थांबलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत बस्तरमधल्या छिंदवाडा गावचा एक वृद्ध ख्रिस्ती पाळक वारला. त्याला गावात पुरू द्यायला गावानं नकार दिला. प्रेत शवागारात पडून राहिलं आणि मुलगा न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. हे वाचताना मला आजोबांच्या वहीतले सगळे नकार किती माणुसकीचे होते ते कळलं. कुत्रं सोडणारासुद्धा दुसऱ्या दिवशी बाजारात राम राम करत असे. माझं सांगणं नको, हे म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. मी नको, माझं प्रेतही नको, असं त्यानं म्हटलं नाही.

म्हणून दोन्हीकडच्या लोकांना एकेक सांगावंसं वाटतं. माझ्या ख्रिस्ती भावंडांनो, जे मोलाचं वाटतं ते सांगा, लपवू नका. पण एकदा सांगा, स्पष्ट सांगा, आणि उत्तराला जागा ठेवा. कुणाच्या भुकेला, आजाराला, नोकरीला आपला विश्वास बांधू नका. ‘नको’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी आधीच्याच ओढीनं जा, आणि तो विषय काढेपर्यंत आपण काढू नका. ज्याच्या नकारानं आपली मैत्री संपते, त्याच्याशी ती मुळात नव्हतीच. आणि ज्यांना आमचं सांगणं नको आहे, त्यांनी ते बेलाशक नाकारावं, तोंडावर नाकारावं. फक्त विहीर, रस्ता आणि मातीची साडेतीन हात जागा यांतून आम्हाला वगळू नये. नकार ऐकायला आम्ही शिकलो आहोत. शेजारी म्हणून राहू द्या, एवढंच मागणं आहे.